नाव राहून गेलं तर

आमच्या शेजारची मुलगी नौपाड्यात, गाण्यांची प्रसिद्धी करणाऱ्या एका छोट्या कंपनीत उमेदवारी करते. पगार नाही, गाडीभाडं मिळतं. फोन करायचे, पत्रकं वाटायची, गाण्याखाली कलाकारांची नावं भरायची.

परवा तबलजीचं नाव गाळलेलं तिला दिसलं. तिने ते भरलं आणि ओरडा खाल्ला. ‘‘चाचा, वाजवलंय त्यांनी, मग नाव का नको?’’

मी तिला गौहरजानची गोष्ट सांगितली. १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा गाणं संपताच तिने स्वतःचं नाव उच्चारलं. तबकड्या जर्मनीत तयार होत. तिथल्या लोकांना गायिका कळावी म्हणून.

माझ्या एका कवितेखाली नाव छापायचं राहिलं होतं. ती रात्र अजून आठवते. पोरी, तू बरोबर केलंस.