ब्राह्मीची भूमिती
(चिंचवड येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मोरया गोसावींच्या या चिंचवडात गणपती अथर्वशीर्षाचा पाठ होत नाही असे घर विरळाच. परंतु नित्यपठणातील एका भागाकडे सहसा लक्ष जात नाही. तेथे ‘गं’ हे एकच अक्षर सुटे करून दाखविले आहे : आधी गकार, मध्ये अकार, शेवटी अनुस्वार. यंत्र खोलून त्याचे भाग क्रमाने मांडावेत, तशी ही ध्वनीची फोड आहे. लिपितज्ज्ञ ल. श्री. वाकणकर यांनी भारतीय लिपींच्या ध्वन्यात्मक परंपरेवरील आपल्या ग्रंथाला ‘गणेशविद्या’ हे नाव दिले; ते किती समर्पक आहे, हे यावरून ध्यानात यावे.

ध्वनी असे सुटे झाले की प्रत्येकाला एक खूण देणे उरते. अशोककालीन ब्राह्मीत ‘क’ म्हणजे अधिकचे चिन्ह, ‘ब’ म्हणजे चौकोन, ‘ए’ म्हणजे त्रिकोण, ‘थ’ म्हणजे वर्तुळात टिंब. अर्धवर्तुळ हा ‘ट’. ते पूर्ण केले की ‘ठ’. आडव्या रेघेवर उभी रेघ हा ‘न’. माथ्यावरही आडवी रेघ दिली की ‘ण’. उच्चारांत जवळीक, तशी आकृतींतही. स्वरांचेही तसेच. व्यंजनाच्या माथ्याशी उजवीकडे रेघ काढली की आकार, डावीकडे काढली की एकार, दोन्हीकडे काढली की ओकार. चाकणच्या कारखान्यात ड्रॉइंग वाचणाऱ्या कामगाराला ही काटकसर चटकन उमगेल.

यातील काही चिन्हे अरमाईक लिपीवरून आली असावीत, असे अनेक विद्वान मानतात. इतरांना ही लिपी स्वतंत्र वाटते. वाद कसाही मिटो, स्वर-व्यंजनांची ही घडण येथल्या ध्वनिविचाराशी जुळणारी आहे, हे डोळ्यांना दिसते.

आणि अशी ही लिपी आपण विसरलो! तिचे वाचन जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये पूर्णत्वास नेले. सांचीच्या अनेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे त्यांना दिसली. हे दानलेख असावेत, हा तर्क केला आणि ‘दानं’ हा शब्द उलगडला. योगायोग असा की, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमन यांनी उच्चारांवर बेतलेले लघुलेखन प्रसिद्ध केले. त्यातही साध्या रेघा आणि कमानी. ‘प’साठी बारीक रेघ, ‘ब’साठी तीच ठळक. ध्वनीला आकृतीत बसविण्याची हीच वाट तेथे नव्याने चोखाळली गेली.

हे सारे पाहण्यास दूर जावयास नको. देहूरोडच्या पुढे शेलारवाडी, लोणावळ्याच्या वाटेवर भाजे आणि कार्ले येथील लेण्यांत ब्राह्मी लेख आहेत. चाकणहून नाशिक रस्त्याने जुन्नर गाठावे आणि नाणेघाटी जावे; तेथे सातवाहन राणी नागनिकेचा लेख कातळावर आहे. त्यातील अक्षरे अशोककाळाहून थोडी बदललेली, पण वळण तेच. मात्र अशा ठिकाणी आपण जातो, छायाचित्र काढतो, आणि काही जण तर भिंतीवर स्वतःचे नाव कोरून येतात.

आज आपली मुले भ्रमणध्वनीवर मराठी रोमन अक्षरांत लिहितात. तेथे ‘ट’ आणि ‘त’ एक होतात, ‘न’ आणि ‘ण’ एक होतात. दोन सहस्र वर्षांपूर्वी एका रेघेने जपलेला भेद आपण सोयीसाठी पुसून टाकतो. मुलांवर रागावून हे थांबणार नाही. त्यांना त्या भेदाची गोडी लागली पाहिजे.

म्हणून आज घरी गेल्यावर एवढेच करावे. मुलांना जवळ घेऊन ‘गगन’ हा शब्द ब्राह्मीत लिहावा. छपराच्या दोन तिरप्या रेघा, म्हणजे ‘ग’; तो दोनदा; मग ‘न’. सहा रेघांत आकाश उतरते. ते मूल पुढच्या वेळी लेण्यात जाईल, तेव्हा भिंतीवर नाव कोरणार नाही. तेथे कोरलेले वाचू लागेल.