मुक्या राखणदाराचे ऋण



पिंपरी-चिंचवडची ओळख आज उद्योगनगरी अशी आहे. 1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढे कारखान्यांची रांग चाकणपर्यंत पोहोचली. त्याआधी इथे माळ होते, कुरणे होती. आकुर्डीतील ‘खंडोबा माळ’ हे नाव तेवढी आठवण अजून राखून आहे. खंडोबा हे धनगरांचे दैवत, आणि त्याच्या घोड्यासोबत कुत्राही असतो. त्याचे वाघ्ये तर स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेण्यात धन्यता मानतात. ज्या समाजाने देवाशेजारी कुत्र्याला जागा दिली, त्याचे कुत्र्याशी नाते कसे असेल?

दिवाळीनंतर सातारा, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या कोरड्या भागांतून धनगरांचे वाडे कोकणाकडे निघतात व पावसाळ्यापूर्वी परततात. वाडा म्हणजे इथे दगडमातीची वास्तू नव्हे, तर काही कुटुंबे आणि त्यांच्या मेंढ्या मिळून झालेला तांडा. संसार घोड्यांच्या पाठीवर, लहान कोकरेही तिथेच. रात्री एखाद्या शेतात मेंढ्या बसवल्या, की शेतकऱ्याला खत मिळते आणि धनगराला धान्य वा पैसा. मेंढ्यांभोवती जाळीचे कुंपण असते. पण खरे कुंपण म्हणजे बाहेर बसलेला कुत्रा. पिल्लू असल्यापासून तो कोकरांच्या उबेत वाढतो, घरच्या बाईच्या हातची बाजरीची भाकरी खातो. त्यामुळे कळप आणि कुटुंब असा भेद त्याच्या लेखी उरतच नाही. त्याने लांडग्याला ठार मारावे अशी कोणाची अपेक्षा नसते. त्याने वेळेवर भुंकावे, माणसे जागी व्हावीत, एवढे पुरे. त्याच्या भुंकण्यातला फरक ओळखून झोपलेला बाप उठतो, आणि लांडगाही बहुतेकदा जीव घेऊन निघून जातो. दोन्ही बाजूंची हिंसा टळते, हे इथे मुद्दाम सांगावेसे आहे.

माळावर शेड उभ्या राहिल्या, तशी राखणीची गरज संपली नाही. राखणदाराची स्थिती मात्र बदलली. गोदामाच्या फाटकाशी वा फार्महाऊसच्या अंगणात दांडगा, महागडा कुत्रा आणून बांधला जातो. पहारेकरी बदलतात, मालक आठवड्याने येतो. त्या जिवाचे आपले असे माणूस कोण? ‘तत्त्वार्थसूत्रा’ने अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. त्यांत बंध पहिला येतो, याकडे सहसा लक्ष जात नाही. पांजरपोळास देणगी देणाऱ्या हातांनीच फाटकावर आखूड साखळी अडकवावी, हे विसंगत नव्हे काय? 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे अकरावे कलमही तेच सांगते. अवाजवी आखूड वा जड साखळीने प्राण्याला अवाजवी काळ बांधणे, तसेच नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे, हा त्यानुसार गुन्हा आहे.

या भागात तर हा प्रश्न जिवावरचा आहे. 21 मार्च 2022 रोजी चाकणच्या मर्सिडीज-बेंझ कारखान्यात बिबट्या शिरला होता. काही तासांनी त्याला सुखरूप पकडण्यात आले. खेड, जुन्नर, आंबेगावच्या उसात बिबट्या आता नवा नाही. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अभ्यासात त्याच्या आहारात कुत्र्याचाच वाटा सर्वांत मोठा आढळला. उघड्यावर बांधलेला कुत्रा पळू शकत नाही, लढू शकत नाही. ज्याला आपण राखणदार म्हणतो, त्याला आपणच भक्ष्य करून ठेवतो. रात्री त्याला बंदिस्त आवारात मोकळे सोडावे, निवाऱ्यास पक्के दार असावे, रेबीजची लस चुकवू नये, आणि रोजचे अन्न शक्यतो एकाच माणसाने द्यावे. यात फारसा खर्चही नाही.

सोडला तर पळून जाईल, अशी भीती पुष्कळांना वाटते. धनगराच्या तळावर कुत्रा बहुधा मोकळाच असतो. पहाटे सामान घोड्यावर चढले, की कोणी हाक मारण्याआधीच तो उठून वाटेला लागलेला असतो.