फडाची मालकीण आणि मिक्सरवरची पोरगी
(महासंघाच्या सभेतील भाषण)



मागच्या सभेत एका ताईंनी विचारलं होतं, "पोरगी साउंडचं काम शिकते म्हणतेय. कार्यक्रमांबरोबर गावोगाव फिरायचं, रात्री-अपरात्री यायचं. हे काय बाईचं काम आहे का?"

आपल्या संगमनेरच्या कांताबाई सातारकर आठवा. मे 2021 मध्ये त्या गेल्या. लोक त्यांच्या अभिनयाचं कौतुक करतात. मला त्यांचं दुसरं काम जास्त मोठं वाटतं. 1964 साली तुकाराम खेडकर गेले. पुढे बाईंनी स्वतःचा तमाशा फड उभा केला.

फड चालवणं म्हणजे काय? दसऱ्याला निघायचं, वैशाखापर्यंत फिरायचं. कलाकारांना आधीच उचल द्यायची, नारायणगावच्या राहुट्यांत गावकऱ्यांशी सुपारी ठरवायची, इसार घ्यायचा. ट्रक, तंबू, जनरेटर, सगळ्यांचं जेवण, आणि शेवटी हिशोब. मोठ्या गायकांच्या दौऱ्यात हेच काम करणाऱ्याला टूर मॅनेजर म्हणतात. गटाचं रजिस्टर सांभाळणारीला यातलं निम्मं येतंच की!

आता साउंड. त्यात ताकदीपेक्षा कान लागतो. माइक स्पीकरच्या तोंडासमोर आला की स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन बाहेर येतो आणि कर्कश शिट्टी वाजते. म्हणून स्पीकर पुढे, माइक त्याच्या मागे. कीर्तनात पखवाजाखाली बुवांचे शब्द दबले, तर बुवांचा माइक वाढवत बसायचं नाही, पखवाज थोडा खाली घ्यायचा. सगळंच वाढवलं की नुसता गोंगाट होतो. (आपल्याकडच्या वरातीत हेच चालतं, काय सांगू!) रोज मोठ्या आवाजात काम केलं तर कानही जातात, म्हणून कानात बोळे घालायचे. आणि रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावायला कायद्याने बंदी आहे. सरकार वर्षातले ठरावीक दिवसच बारापर्यंत सूट देतं. हे साउंडवालीला पाठ पाहिजे.

ताईंची काळजी खोटी नाही. पण "नाही" म्हणण्याआधी काम देणाऱ्याला विचारा: सोबत दुसरी बाई आहे का? मुक्काम कुठे, संडास-बाथरूम आहे का? रात्री परतायला गाडी कोणाची? रोज किती, मिळणार कधी? उत्तर नीट आलं नाही तर ते काम सोडा, धंदा सोडू नका.

आणि सेट घ्यायला लगेच गटाचं कर्ज काढू नका. स्पीकर, अॅम्प्लिफायर, केबल, वर टेम्पोचं भाडं, हप्ता अंगावर येतो. आधी एखाद्या चांगल्या साउंडवाल्याच्या हाताखाली एक हंगाम काढू दे. गावात हरिनाम सप्ताह बसला की पोरीला सातही दिवस मिक्सरपाशी उभी करा. आठव्या दिवशी तिलाच विचारा, जमेल का म्हणून.