खेळाचा तास व भाकरी



जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मस्थान. बलोपासनेसाठी त्यांनी ठिकठिकाणी मारुती स्थापिले. या बलाचा कारखाना पेशींतील तंतुकणिकांत असतो. अन्नातील शर्करा व स्निग्धांश प्राणवायूच्या साहाय्याने जाळून त्या शक्ती निर्माण करतात. 1967 साली हॉलोझी यांनी उंदरांना धावण्याचा सराव दिला, तेव्हा स्नायूंतील तंतुकणिकांची श्वसनक्षमता सुमारे दुप्पट झाली. बैठ्या जीवनात ती मंदावते आणि पुढे मधुमेहास वाट मिळते.

या कारखान्याला लोहही लागते. भाकरी, डाळ व पालेभाजीवर लिंबू पिळल्यास ते अधिक शोषले जाते.

गणिताच्या उजळणीसाठी खेळाचा तास घेणे, हेतू कितीही चांगला असो, तोट्याचाच व्यवहार होय. पटांगण नसल्यास ओसरीवर सूर्यनमस्कार घ्यावेत; मात्र मूल सकाळी काही खाऊन आले आहे काय, हे आधी विचारावे.