रक्ताची साक्ष : चयापचयाचे वाचन आणि आपले ताट



मराठीचा निवृत्त अध्यापक म्हटल्यावर मी संतवाङ्मयावर किंवा सीमाभागातील मराठीवर बोलेन अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र आज रक्ताच्या तपासणीविषयी बोलणार आहे. विषय माझ्या अध्यापनाचा नसला तरी तो आपल्या सर्वांच्या ताटाशी, घरातील गरोदर लेकीसुनांशी आणि माझ्यासारख्या वृद्धांशी निगडित आहे. त्यातील दोन महत्त्वाची पर्वे मुंबईत आणि पुण्यात घडली. तरीही मराठीतून त्यांची हकीकत क्वचितच सांगितली जाते.

शरीरातून बाहेर पडणाऱ्या द्रवावरून आतला बिघाड ओळखण्याची कल्पना जुनीच आहे. आपल्या आयुर्वेदाने प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आणि मधुमेहाच्या रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या वळतात हे नोंदवून ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी आर्चिबाल्ड गॅरड या इंग्रज वैद्याने ज्यांचे मूत्र हवेत काळे पडते अशा रोग्यांचा अभ्यास केला आणि शरीरातील रासायनिक साखळीची एखादी कडी जन्मतःच तुटलेली असू शकते, असा सिद्धांत मांडला. या साखळीला आपण चयापचय म्हणतो. चय म्हणजे साठणे, अपचय म्हणजे झिजणे. इंग्रजी शब्दापेक्षा हा मराठी शब्द मला अधिक बोलका वाटतो.

आता मुंबईकडे वळू. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज स्त्रीवैद्य मुंबईत आली. त्या वेळी आपला धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यातच होता, म्हणजे ती आपल्याच राजधानीत आली होती असे म्हणायला हरकत नाही. गरीब वस्तीतील गरोदर स्त्रियांना, विशेषतः गिरणी कामगारांच्या कुटुंबांतील बायकांना, एक तीव्र पंडुरोग होत असे. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या दिसत. विल्सबाईंनी त्यांच्या आहाराची बारकाईने चौकशी केली, प्राण्यांवर प्रयोग केले आणि यीस्टपासून बनवलेल्या मार्माइट नावाच्या स्वस्त पदार्थाने हा रोग बरा होतो, हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. आज गरोदर स्त्रीला दवाखान्यात जी फॉलिक अॅसिडची गोळी देतात, तिची वंशावळ अशी मुंबईच्या गिरणगावापर्यंत जाते.

परंतु मोठ्या तांबड्या पेशींचा पंडुरोग दोन कारणांनी होतो. एक फॉलिक आम्लाची उणीव, दुसरी ब-१२ या जीवनसत्त्वाची. सूक्ष्मदर्शकाला दोन्ही सारखीच दिसतात. ब-१२ हे १९४८ मध्ये स्फटिकरूपात हाती आले. ते वनस्पती तयार करीत नाहीत, प्राणीही करीत नाहीत. केवळ काही सूक्ष्म जीवाणू करतात. आपल्याला ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. हिरव्या पालेभाज्यांत फॉलिक आम्ल भरपूर असते, ब-१२ नसते. इडलीचे पीठ आंबवल्याने किंवा लोणचे मुरल्याने ते मिळते असे आपल्याकडे ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यावर विसंबू नये.

या दोन उणिवांतील फरक प्राणांतिक ठरू शकतो. ब-१२ कमी असताना नुसते फॉलिक आम्ल दिले तर रक्त सुधारते, चेहऱ्यावर लाली येते, सगळे समाधानी होतात. आणि मज्जातंतूंचा ऱ्हास मात्र आतल्या आत चालूच राहतो. तेव्हा प्रश्न असा की, दोहोंतील नेमके काय कमी आहे हे ओळखायचे कसे? रक्तातील ब-१२ थेट मोजता येते. पण तेवढ्याने भागत नाही. कोठारात धान्य किती आहे यावरून घरात चूल पेटली की नाही हे कळत नाही. ते जीवनसत्त्व पेशीत जाऊन आपले काम करते आहे का, हे पाहावे लागते.

माणसाच्या शरीरात ब-१२ ची नेमकी दोनच कामे ज्ञात आहेत. पहिले, होमोसिस्टीन या पदार्थाचे मिथिओनीन करणे. यात फॉलिक आम्लाचाही हात लागतो. त्यामुळे होमोसिस्टीन वाढले तर दोष कोणाचा हे ठरत नाही. दुसऱ्या कामात फॉलिक आम्लाचा संबंध नाही. ते काम अडले की मिथाइलमॅलॉनिक आम्ल नावाचा पदार्थ रक्तात साचू लागतो. मूत्रपिंडाचा विकार नसेल, तर हा साचलेला पदार्थ ब-१२ च्या उणिवेची खात्रीची साक्ष देतो. अडचण एवढीच की, तो असतो अत्यल्प. लिटरभर रक्तद्रवात साधारण एकतीस मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे एकतीस दशलक्षांश, ही वरची मर्यादा धरतात. एवढी बारीक गोष्ट वेचून मोजायला मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र लागते.

याला मराठीत वस्तुमान वर्णपटमापक म्हणतात. या यंत्रात रंगाचा काहीही संबंध नाही. पण आपल्याकडे 'वर्ण' म्हणजे रंग आणि 'वर्ण' म्हणजे अक्षरही, हे लक्षात घेतले तर नाव चपखल बसते. केंब्रिजच्या जे. जे. टॉमसन यांच्या प्रयोगांतून ते निघाले आणि त्यांचे शिष्य अॅस्टन यांनी १९१९ मध्ये त्याला नीट रूप दिले. तत्त्व सोपे आहे. पदार्थाच्या रेणूंना विद्युत्भार द्यायचा, निर्वात नळीतून पळवायचे आणि चुंबकीय किंवा विद्युत क्षेत्रातून न्यायचे. हलके अधिक वळतात, जड कमी वळतात. कोण कोठे वळला यावरून वजन कळते. शिवाय या धक्क्याने रेणू फुटतात, आणि प्रत्येक रेणू आपल्या विशिष्ट ठिकाणीच फुटतो. जीर्ण पोथीची चार फाटकी पाने मिळाली तरी जाणकाराला ग्रंथ ओळखता येतो, तसे त्या तुकड्यांवरून मूळ रेणू ओळखता येतो.

येथे एक गंमत सांगतो. मिथाइलमॅलॉनिक आम्लाचे रेणुभार ११८. ब-१२ आपले काम नीट करते तेव्हा ज्या सक्सिनिक आम्लाच्या घराण्यात हा पदार्थ जाऊन मिळतो, त्या सक्सिनिक आम्लाचेही रेणुभार ११८! तेच अणू, तितकेच अणू, केवळ जुळणी निराळी. 'गरम' आणि 'मगर' या शब्दांची अक्षरे वेगवेगळी करून तराजूत टाकली तर वजन सारखेच भरेल, तसे हे. म्हणून वजन करण्याआधी मिश्रण एका लांब बारीक नळीतून पाठवतात. प्रत्येक पदार्थ आपापल्या चालीने बाहेर येतो, आणि मग त्याचे वजन होते. आधी क्रम, मग वजन, मग तुकडे, अशी तिहेरी ओळख पटते. एका थेंबातील अशा शेकडो पदार्थांची एकदम यादी करण्याच्या पद्धतीला चयापचयाचा आलेख काढणे म्हणता येईल.

हे हत्यार हाती आल्यावर पुण्यात काय दिसले ते पाहू. किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि नॉर्वेच्या हेल्गा रेफ्सुम यांनी सहकाऱ्यांसह पुण्यातील २०४ स्त्रीपुरुष तपासले. काहींना मधुमेह, काहींना हृदयविकार, काही निरोगी. २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ब-१२ ची पातळी ४७ टक्क्यांत कमी होती. पण मिथाइलमॅलॉनिक आम्ल ७३ टक्क्यांत वाढलेले आढळले. म्हणजे कोठार पाहून निम्मे लोक उणे वाटत होते, चूल पाहिली तर चारांपैकी तीन! फॉलिक आम्लाची उणीव मात्र विरळा. आणि हा दोष शाकाहाऱ्यांइतका नसला तरी मांसाहार करणाऱ्यांतही होता. आपल्याकडे मांसाहारी म्हणवणारी पुष्कळ कुटुंबे आठवड्यातून एखादे वेळीच मांस शिजवतात, हे विसरून चालणार नाही.

याहून मोलाचे काम खेड्यांत झाले. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ मध्ये गरोदर मातांचा अभ्यास सुरू झाला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हाडामांसाने किरकोळ, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. मुले सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. २००८ च्या वृत्तांतात असे दिसते की, दोनतृतीयांश मातांना ब-१२ कमी होते, नव्वद टक्क्यांत मिथाइलमॅलॉनिक आम्ल वाढलेले होते, आणि फॉलिक आम्ल कमी असलेली माता अवघी एक. ज्या मातांत फॉलिक आम्ल अधिक आणि ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त आढळली. मधुमेहाची ही पहिली पायरी.

येथे सावध राहिले पाहिजे. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असे सिद्ध होत नाही. हे ऐकून कोणी घरच्या गरोदर मुलीची फॉलिक अॅसिडची गोळी बंद करू नये. त्या गोळीने बाळाच्या मेंदू व पाठीच्या कण्यातील जन्मजात व्यंगे टळतात, हे १९९१ मध्ये निर्विवाद सिद्ध झाले आहे. प्रश्न गोळी काढण्याचा नाही, तिच्या जोडीला काय हवे याचा आहे.

औषधांच्या संशोधनातही हेच यंत्र राबते. औषध गिळले म्हणजे संपले नाही. शरीर त्याचे रूप बदलते, आणि प्रत्येकाचे शरीर सारख्या वेगाने बदलत नाही. क्षयावरील आयसोनियाझिड काहींच्या रक्तात लवकर निकामी होते, काहींच्या अंगात रेंगाळते व हातापायांना बधिरता आणते, हे १९५० च्या दशकातच कळले होते. आज कोणत्याही नव्या औषधाचा हा सारा प्रवास वस्तुमानावरून तासागणिक टिपता येतो. मधुमेहावर सर्रास दिले जाणारे मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ चे शोषण कमी होते. या सभागृहात ते घेणारे अनेक असतील. पायांना मुंग्या येतात, तोल जातो, नावे आठवत नाहीत. मधुमेहच आहे, वयच झाले आहे, असे म्हणून आपण सोडून देतो. कधी ते खरेही असते. पण कधी ते एका स्वस्त जीवनसत्त्वाने सुधारण्याजोगे असते, आणि फार उशीर झाला तर सुधारत नाही. आपल्या डॉक्टरांना ब-१२ विषयी विचारण्यात संकोच कशाचा?

नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबाची याच यंत्रावर तपासणी करतात. हेतू असतो बाळाचे जन्मजात दोष शोधण्याचा. कधीकधी त्यातील एक पदार्थ वाढलेला दिसतो आणि शोध घेता बाळ निर्दोष निघते. उणीव असते ती आईच्या अंगातील ब-१२ ची. बाळाच्या थेंबात आईचे ताट वाचता येते.

पुण्याच्या त्या सहा खेड्यांतील बाळे मोठी झाली. २०१२ पासून त्यांच्यातील तरुण-तरुणींना लग्नाआधीपासूनच रोज केवळ दोन मायक्रोग्रॅम ब-१२ देऊन, काहींना नुसती गोळी देऊन, तुलना सुरू झाली. पुढे त्या मुलींना बाळे झाली. दोन वर्षांच्या वयात त्या बाळांची आकलनशक्ती आणि भाषा तपासली गेली, आणि ज्यांच्या आयांना ब-१२ मिळाले होते ती बाळे दोन्हींत पुढे आढळली, असा वृत्तांत २०२१ मध्ये आला. बाळांची संख्या लहान होती, हेही सांगितले पाहिजे. ती मुले अजून वाढत आहेत.