ज्याचे मूल, त्याचे चित्र
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)

 

यंदा वर्धापनदिनाच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढून निर्वासितांच्या मुलांना चित्रांची पुस्तके पाठवावीत, असा विचार समितीत निघाला आहे. काही जणांनी गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावच्या तिबेटी वस्तीचे नाव सुचवले. विचार चांगलाच आहे. पण घरोघरची जुनी पुस्तके गोळा केली, गठ्ठा बांधला, टेम्पोत टाकला आणि फोटो काढला, असं होऊ नये एवढ्यासाठी मी उभा आहे. आपण म्हणाल, चित्र ते चित्र, त्यात एवढं काय बघायचं? तेच आज बघू या.

चित्रातून शिकवणे ही बौद्धांची जुनी रीत आहे. भारहूतच्या स्तूपावर जातककथा कोरल्या आणि त्या ओळखता याव्यात म्हणून शेजारी ब्राह्मी अक्षरांत नावेही कोरली. आपल्या अजिंठ्याच्या भिंतींवरही जातककथाच आहेत. भाषेबद्दल तर विनयपिटकात स्पष्ट प्रसंग आहे. काही भिक्खूंनी बुद्धवचन छंदात, म्हणजे वैदिक संस्कृतात, बसवण्याची परवानगी मागितली. तथागतांनी ती नाकारली आणि धम्म आपापल्या भाषेत शिकावा असे सांगितले. माझे म्हणणे एवढेच, की भाषेला जो नियम तोच चित्रालाही लावा.

कंबोडियाचे उदाहरण घ्या. तिथे खेड्यातला विहार हीच पूर्वापार शाळा. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजची सत्ता आली. शहरे रिकामी केली, शाळा बंद केल्या, भिक्खूंची चीवरे उतरवली. जानेवारी १९७९ मध्ये ती राजवट कोसळली, तोवर पंधरा ते वीस लाख माणसे उपासमारीने, आजाराने आणि कत्तलीत गेली. उरलेले लाखो लोक थायलंडच्या सीमेकडे धावले. साकेओ, खाओ-इ-दांग अशा छावण्या १९७९ च्या अखेरीस उभ्या राहिल्या. तिथे महाघोसानंद नावाचे कंबोडियन भन्ते पोचले. आपल्या बिहारमधल्या नालंदाला ते शिकले होते. त्यांनी निर्वासितांच्या हातात मेत्त सुत्ताचे छापील कागद दिले. आपण विहारात म्हणतो तेच करणीयमेत्त सुत्त. भाकरी आणि औषध तर हवेच होते, पण आपल्या अक्षरांतला आपला कागदही लागत होता.

जपानमधल्या सोतो झेन पंथाच्या बौद्धांनी १९८० साली मदत समिती काढली. पुढे त्याच कामातून शांती व्हॉलंटियर असोसिएशन उभे राहिले. या मंडळींनी छावण्यांत फिरते वाचनालय सुरू केले. ख्मेर पुस्तके मिळेनात, तेव्हा जपानी चित्रपुस्तकांतल्या मजकुरावर ख्मेर भाषांतराच्या पट्ट्या चिकटवल्या. केवढी साधी युक्ती! पण पट्टीने अक्षर बदलते. चित्रातले घर, जेवण आणि कपडे जपानचेच राहतात. म्हणून त्यांनी पुढे ख्मेर भाषेतली पुस्तकेही छापली. सुरुवात उसन्या चित्राने झाली तरी चालेल, मुक्काम मात्र आपल्या चित्रावर व्हायला पाहिजे.

चित्र चुकले तर ते नुसते निरुपयोगी ठरत नाही, कधी दुखावतेही. ख्मेर रूजने सगळ्यांना काळे कपडे घालायला लावले होते. ते दिवस पाहिलेल्या मुलापुढे आपण काळ्या कपड्यांतल्या माणसांचे शेत रंगवले, तर त्याला शेत दिसेल की आणखी काही? कुटुंब म्हणून आई, बाप आणि दोन मुले काढली. पण ज्याचा बाप वाटेत गेला आणि जो आजीजवळ वाढतो, त्याने बोट कुठे ठेवायचे?

शिवाय चित्र सगळ्यांना आपोआप कळते हाही गैरसमज आहे. नेपाळमध्ये युनिसेफच्या सहभागाने खेड्यांत एक पाहणी झाली आणि १९७६ साली ती प्रसिद्ध झाली. तिच्यात दिसले की बारकावे असलेली चित्रे लोक लवकर ओळखतात, काडीच्या माणसांसारख्या सांकेतिक आकृती कमी जणांना कळतात. वस्तू ओळखली तरी त्यातला सांगावा पोचेलच असेही नाही. मी साचेखात्यात काम करणारा माणूस. आमच्याकडे सुरक्षेचा चित्रफलक होता. त्यातला कामगार गोरापान, पायात जाड बूट, कानावर गोल टोप्या. आम्ही खाली चपला घालून, कानात कापसाचा बोळा कोंबून. फलक रोज दिसायचा, पण तो आपल्याशी बोलतोय असं कुणालाच वाटलं नाही.

आता गोठणगावकडे येतो. १९५९ साली दलाई लामा भारतात आले, त्यांच्या मागून हजारो तिबेटी आले. डोंगरातल्या रस्त्यांच्या कामावर आईबाप राबत आणि लेकरांचे हाल होत. १९६० साली मसुरीला त्यांची पहिली शाळा निघाली, त्याच वर्षी धरमशालेला लहान मुलांसाठी शिशुगृह निघाले. गोठणगावची वस्ती १९७२ साली वसली. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. तिथल्या आजच्या मुलांचा जन्म भारतातला. याक आणि बर्फ त्यांना आजोबांच्या तोंडून माहीत. डोळ्यांपुढे मात्र धानाची बांधी आणि वैशाखातले ऊन. मग पुस्तकात काय काढायचे? मला वाटते, दोन्ही. नुसता याक काढला तर मूल म्हणेल, माझे खरे घर भलतीकडेच आहे. नुसते धान काढले तर आजोबांची गोष्ट पुसली जाईल.

आणखी एक. तिबेटी लिपी सातव्या शतकात भारतीय लिपीच्या वळणावर तयार झाली. तिची सुरुवात क, ख, ग, ङ अशीच होते. म्हणून आपली जुनी अंकलिपी त्यांना चालेल असे समजू नका. 'ग' शिकताना कोणाचे चित्र यायचे ते आपल्या घरांनाही ठाऊक आहे. कुणाच्या देवाचा आपल्याला राग नाही. पण पहिल्याच पानावर आपल्या घरात नसलेली गोष्ट दिसली, की मूल न बोलता समजते की हे पुस्तक दुसऱ्यांचे आहे. ज्यांनी हे सोसले त्यांनी तेच दुसऱ्यांना पाठवावे काय?

आता अवघड बोलतो. म्यानमार हा बहुसंख्य बौद्धांचा देश. १९५४ साली बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. त्याच देशातून २०१७ साली लष्कराच्या कारवाईमुळे सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात पळाले, बहुतेक मुसलमान. त्यांच्या मुलांच्या पुस्तकात नुसते विहार आणि भिक्खू असतील, तर आपल्याला ते चित्र गोड वाटेल. त्या मुलाला कसे वाटेल? आपल्या माणसांपुरतीच राहिली तर ती मैत्री नव्हे. त्या पुस्तकात त्यांची मशीद, त्यांचे जेवण, त्यांची ईद दिसली पाहिजे, आणि बौद्धांनीच ते मोकळेपणाने म्हटले पाहिजे.

तेव्हा माझ्या सूचना अशा. एक, पाठवण्याआधी पत्र लिहून विचारा: तुम्हाला काय हवे? शिक्षकांना विचारा, आज्यांनाही विचारा. दोन, नवे चित्र काढले तर आधी पाच-सहा मुलांना दाखवा. 'छान आहे का' असे विचारू नका, कारण पाहुण्याला मूल होच म्हणते. 'तुला यात काय दिसते' असे विचारा आणि सांगेल ते लिहून घ्या. तीन, लहानांच्या पुस्तकात बंदूक, जळते घर नको. पण सगळे सुखात आहेत असे खोटेही नको. चार, बुद्धमूर्ती आणि ग्रंथ जमिनीवर पायाशी काढू नका, तिबेटी माणूस लिहिलेले अक्षरसुद्धा ओलांडत नाही. पाच, चित्रकार त्यांच्यातलाच मिळाला तर पैसे त्याच्या हाती द्या आणि पुस्तकावर त्याचे नाव छापा. विहाराचे नाव मागच्या पानावर बारीक असले तरी पुरे.

यात वेळ जाईल. पन्नास पुस्तकांच्या जागी दहाच होतील. होऊ द्यात. त्या दहांतल्या एका पानावर एखाद्या पोरीने बोट ठेवून 'ही माझी आजी' म्हटले, तर आपली वर्गणी पोचली असे समजा.

समितीला विनंती, की येत्या बैठकीत पुस्तके गोळा करण्याचा ठराव बाजूला ठेवून आधी पत्राचा ठराव घ्यावा. मजकूर लिहायला मी बसतो, अक्षर सुंदर असणारा एक तरुण सोबत द्या.  भवतु सब्ब मंगलं. जय भीम, नमो बुद्धाय.