खोल समुद्रातले काचेचे मणी



मावळात पवनानगरच्या आसपास तिकोना, तुंग, लोहगड हे किल्ले. ही सारी कातळरास सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची. त्याच काळात मेक्सिकोत चिक्शुलुब इथे दहाएक किलोमीटर रुंदीचा लघुग्रह आदळला आणि डायनोसॉर संपले. त्याची धूळ मावळावरही पडली असेल. पण उघड्या डोंगरावर, पावसापाण्यात ती टिकणार कुठे? ती टिकते खोल समुद्रात. फ्लोरिडाजवळ १९९७ साली समुद्रतळ खणून काढलेल्या गाळात तो घाव स्पष्ट दिसतो: खाली जुन्या सूक्ष्म जीवांची विपुल कवचं, मग वितळून उडालेल्या खडकाचे गोलक, आणि वर मोजक्याच वाचलेल्या जाती. मला हा पुरावा कुठल्याही विवरापेक्षा बोलका वाटतो.

आपल्या हिंदी महासागरात याहून खूप अलीकडची एक खूण आहे. गोव्यात दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. मँगनीजच्या गोट्यांच्या शोधात तिने मध्य हिंदी महासागराचा तळ धुंडाळला. सुमारे पाच किलोमीटर खोलीवरचा तो चिखल श्याम प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धुतला, चाळला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात काचेचे मणी निघाले. बहुतेक मिलिमीटरहून लहान. काही गोल, काही थेंबाच्या आकाराचे.

काच ज्वालामुखीचीही असते. पण तिच्यात पाण्याचा अंश असतो, बारीक स्फटिक असतात. या मण्यांत पाणी जवळजवळ नाही, आणि त्यांची घडण समुद्रतळाच्या नव्हे, जमिनीवरच्या खडकांशी जुळते. म्हणजे इथेही काहीतरी आदळलं; जमीन क्षणात वितळली, आकाशात उडाली आणि उडता उडताच थिजली!

हे घडलं सुमारे ७ लाख ९० हजार वर्षांपूर्वी. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव शेवटचे उलटले, त्याचीही खूण गाळात असते. हे मणी त्या खुणेच्या किंचित खाली सापडतात. भर महासागरात हजार वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर गाळ साचतो, तरी हा क्रम शाबूत आहे.

लोणारला अशा आघाताचं विवर डोळ्यांसमोर आहे. इथे मात्र मणी ऑस्ट्रेलियापासून अंटार्क्टिकापर्यंत विखुरलेले, आणि विवर अजून निर्विवाद सापडलेलं नाही. वेगवेगळ्या ठिकाणच्या गाळातले मणी मोजले, तर इंडोचायनाच्या दिशेने त्यांची संख्या वाढत जाते. म्हणून शोध चालू आहे तो प्रामुख्याने तिकडेच.